पिन, पॅड आणि अर्धवट ओढलेला पडदा: स्तनाचं ऑपरेशन झालेल्या काकूंची विमानतळावरची तपासणी

स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या बायकांच्या एका ग्रुपमध्ये मी काम करते. तिथे समोर आलेलं हे प्रकरण काकूंच्या परवानगीने लिहितेय. नाव, गाव, विमानतळ, तारीख काहीही देत नाहीये, कारण विषय कुणा एकाला दोषी ठरवण्याचा नाही. एकटी बाई सिक्युरिटीच्या त्या पडद्याआड उभी असते तेव्हा तिच्या हातात नेमकं काय असतं आणि काय नसतं, हे मला सगळ्यांसमोर मांडायचंय.

पार्श्वभूमी

काकू साठीच्या पुढच्या. सोलापूर भागातल्या, शेतीवाडी असलेलं घर. काही वर्षांपूर्वी डाव्या बाजूचा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, नंतर रेडिएशन झालं. आता तब्येत चांगली आहे, पण डावा हात खांद्याच्या वर नीट जात नाही आणि जास्त ताणला की सुजतो. काखेतल्या गाठी काढलेल्या खूप बायकांना हा त्रास राहतो, बाहेरच्या माणसाला मात्र तो दिसत नाही.

मुलगी बंगळुरूला, तिचं बाळंतपण जवळ आलेलं. काका ज्वारीच्या काढणीत अडकलेले, त्यामुळे काकू एकट्याच विमानाने निघाल्या. आधी एकदा जावयांसोबत विमानात बसल्या होत्या, तेव्हा सगळं त्यांनीच बघितलं होतं.

आता पॅडबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एका बाजूचा स्तन काढला की नुसतं दिसण्यात फरक पडतो असं नाही, शरीराचा तोल बदलतो, खांदा आणि पाठ दुखायला लागते. त्यासाठी सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, तो वजनाला बराचसा खऱ्यासारखा असतो. पण त्याला हजारो रुपये पडतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो घामाने नको होतो. म्हणून खूप बायका घरीच कापडी पॅड शिवतात. काकूंचा पॅड त्यांच्या जाऊबाईंनी शिवलेला, मऊ सुती कापड, आत कापूस, आणि वजनासाठी मध्यभागी मोहरीची छोटी पुरचुंडी. नुसत्या कापसाचा पॅड हलका असल्यामुळे सारखा वर सरकतो, म्हणून काकू तो आतून सेफ्टी पिनेने अडकवून ठेवायच्या. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, कुणाला काही कळलंही नव्हतं.

नेमकं काय झालं

विमानतळाच्या दारावर तिकीट आणि आधार दाखवून काकू आत गेल्या, पुतण्या बाहेरच थांबला कारण तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. चेक-इन झालं, बोर्डिंग पास मिळाला, सिक्युरिटीच्या लाइनमध्ये उभ्या राहिल्या. पर्स ट्रेमध्ये, मोबाइल ट्रेमध्ये, हातातली कापडी पिशवी ट्रेमध्ये. त्या पिशवीतच हॉस्पिटलची फाइल होती. मुलीने आवर्जून सांगितलं होतं, आई फाइल जवळ ठेव. काकूंनी ठेवलीही होती. पण ट्रे मशीनमध्ये गेला आणि काकू बायकांच्या तपासणीच्या बूथकडे गेल्या, म्हणजे जिथे फाइल लागणार होती तिथे ती नव्हतीच. मुलीला फोन लावायचा तर फोनही ट्रेमध्ये.

बूथमध्ये छोट्या चौथऱ्यावर उभं करतात, हात बाजूला पसरायला सांगतात. काकूंचा डावा हात अर्धाच वर गेला. ड्यूटीवरच्या मुलीने दोनदा सांगितलं, "हाथ ऊपर कीजिए." काकूंनी उजव्या हाताने डावा हात उचलून धरायचा प्रयत्न केला. हातातलं डिटेक्टर साडीच्या निऱ्यांजवळ वाजलं, खांद्यावर वाजलं, ते साडीच्या पिनांमुळे, त्याचं काही विशेष नव्हतं. मग डाव्या छातीवर वाजलं. त्या मुलीने हाताने चाचपलं तर आत दाणे सरकले.

"ये क्या है?"

काकू म्हणाल्या, ऑपरेशन झालंय. "कौनसा ऑपरेशन?" इथे काकू अडकल्या. पडदा अर्धाच ओढलेला, बाहेर दोन बायका आणि कॉलेजची एक मुलगी रांगेत, अगदी दोन हातांवर. काकूंच्या घरात आजही त्या आजाराचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही. हिंदी त्यांना समजतं पण बोलताना अडखळतात, आणि हे असलं बोलायचं तर मराठीतही त्यांना जमलं नसतं. त्या गप्प राहिल्या. गप्प राहिल्यावर समोरच्याचा संशय वाढणारच. "निकालिए, दिखाइए."

काकूंनी पाठ फिरवून ब्लाऊजचे हुक काढले, पिन काढली, पॅड काढून दिला. त्या मुलीने तो दाबून बघितला, दाणे लागले, बाहेरच्या सहकाऱ्याला विचारलं आणि पॅड एक्स-रे मशीनला पाठवला. उघड्या ट्रेमध्ये, दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉप आणि बेल्टच्या मागोमाग. काकू पदर घट्ट धरून बूथमध्ये उभ्या. अर्धवट पडद्यातून तो ट्रे पट्ट्यावरून जाताना त्यांना दिसत होता.

पॅड परत आला. "ठीक है माताजी, जाइए." त्या मुलीचा चेहरा तोवर बदललेला होता, तिला समजलं होतं असं काकूच सांगतात, आणि त्यानंतर तिने पडदा पूर्ण ओढून हाताने धरून ठेवला. पण पिन कुठेतरी पडली होती. काकूंनी पॅड मुठीत धरला, पदराखाली घेतला, पिशवी उचलली आणि सरळ वॉशरूममध्ये जाऊन बसल्या. विमान मिळालं, पण शेवटच्या काही प्रवाशांत. बंगळुरूला उतरेपर्यंत पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला.

सुरक्षेची बाजू

ही बाजू सोडून हे प्रकरण मांडणं मला बरोबर वाटत नाही. धातू वाजला नाही म्हणजे धोका नाही असं आता कुणी मानत नाही. २५ डिसेंबर २००९ ला ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात शिवून स्फोटक नेलं होतं, आणि ते मेटल डिटेक्टरला कळणारं नव्हतं. अंगाला चिकटून लपवलेली, मऊ, आत काहीतरी भरलेली वस्तू शोधायची म्हणूनच हाताने तपासणी होते. त्यामुळे त्या मुलीने थांबवलं यात तिचं काहीही चुकलं नाही, मोहरीचे दाणे हाताला लागल्यावर सोडून दिलं असतं तर ती चूक झाली असती.

प्रश्न थांबवल्यानंतरचा आहे. बायकांची तपासणी बाईनेच करायची, पडद्याआड करायची, हा नियम आहेच. कृत्रिम अवयव किंवा वैद्यकीय अडचण असलेल्यांची तपासणी खासगीत, त्यांचा मान राखून करावी अशा सूचनाही बीसीएएसने, म्हणजे विमानतळ सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या सरकारी ब्युरोने, दिलेल्या आहेत. तरी हे होत राहतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकून सांगितलं होतं की दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढायला लावतात, त्यावर सुरक्षा दलाने जाहीर माफी मागितली. मार्च २०२२ मध्ये गुवाहाटीला व्हीलचेअरवरच्या ८० वर्षांच्या आजींना, ज्यांच्या खुब्यात इम्प्लांट होता, कपडे उतरवायला लावल्याची तक्रार झाली आणि एका कर्मचाऱ्याला निलंबित केलं गेलं. या दोन्ही गोष्टी बातम्यांत आल्या म्हणून कळल्या. पाय किंवा खुब्याबद्दल माणूस निदान बोलू तरी शकतो. स्तनाबद्दल आपल्याकडच्या किती बायका कॅमेऱ्यासमोर बोलतील? आणि हा आजार काही विरळा राहिलेला नाही, २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे जवळपास १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते. यातल्या सगळ्याच बायकांचा पूर्ण स्तन काढत नाहीत हे खरं, पण ज्यांचा काढतात त्यांची संख्याही खूप मोठी आहे.

बूथमध्ये काय पर्याय होते

कागदावर बघितलं तर काकूंना बरेच रस्ते होते. स्पष्ट सांगणं, खासगी खोली मागणं, वरच्या महिला अधिकाऱ्याला बोलावणं, फाइल आणून द्या म्हणणं. पण खासगी खोली मागता येते हेच त्यांना माहीत नव्हतं. वरच्या अधिकाऱ्याला बोलवा म्हणणं म्हणजे भांडण काढणं असं त्यांना वाटलं. फाइल मागायची तर आधी कशाची फाइल ते सांगावं लागणार. त्यामुळे प्रत्यक्षात पॅड काढून देणं एवढा एकच रस्ता त्यांना दिसला, आणि मागे रांग वाढत असताना तोच सगळ्यात पटकन सुटणारा होता.

त्या मुलीकडेही पर्याय होते आणि त्यांना फारसा वेळही लागला नसता. पडदा पूर्ण ओढणं. "प्रायव्हेट रूम चाहिए?" एवढं विचारणं. पॅडवरून स्वॅब फिरवून तो स्फोटकांचा अंश ओळखणाऱ्या मशीनला लावणं. आणि एक्स-रेच करायचा तर पॅड रुमालात गुंडाळून, किंवा काकूंच्याच पिशवीत घालून पाठवणं, मशीनला कापडाने काहीच फरक पडत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते उघड्या ट्रेचं. तपासणी तेवढीच कडक ठेवूनही ते टाळता आलं असतं.

नंतर काय केलं

काकूंनी पोचल्यावर लगेच काही सांगितलं नाही. मुलीच्या लक्षात आलं ते पॅड धुऊन उन्हात टाकलेला नव्हता आणि काकू घरातही शाल घेऊन बसत होत्या त्यावरून. विचारल्यावर सगळं बाहेर आलं. मुलगी चिडली, तिचं म्हणणं आत्ताच्या आत्ता सोशल मीडियावर टाकायचं, विमानतळाला टॅग करायचं. ते चालतं हे खरं आहे, तिथे उत्तर लवकर येतं. पण काकू म्हणाल्या, "माझ्या अंगाची चर्चा गावभर नको." मग मुलीने आमच्या ग्रुपला फोन केला.

आम्ही तीन रस्ते बोललो. पोस्ट टाकणं, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करणं, किंवा सोडून देणं. एअरसेवा ठरलं कारण तिथे तक्रारीचा नंबर मिळतो आणि नाव चव्हाट्यावर येत नाही. अडचण अशी झाली की काकूंनी ड्यूटीवरच्या मुलीची नावाची पट्टी बघितली नव्हती, लाइन कुठली तेही आठवत नव्हतं. बोर्डिंग पास मात्र जपून ठेवलेला होता, त्यावरून फ्लाइट आणि साधारण वेळ काढली, आणि वॉशरूममधून बाहेर आल्यावर काकूंनी पुतण्याला केलेल्या फोनची वेळ मोबाइलमध्ये होती. सीसीटीव्हीचं फुटेज कुणी कायमचं ठेवत नाही, म्हणून तक्रार लांबवू नका असं आम्ही सांगितलं.

तक्रारीत काय मागायचं यावर माय-लेकींचा वाद झाला. मुलीला कारवाई हवी होती. काकूंचं म्हणणं, ती पोर तिचं काम करत होती, शेवटी पडदा तिनेच धरला, तिची नोकरी जायला नको. मी काकूंच्या बाजूने होते आणि आजही आहे. एका मुलीला निलंबित केलं की फाइल बंद होते, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी मुलगी तसाच उघडा ट्रे पाठवते. म्हणून तक्रारीत तीनच गोष्टी लिहिल्या: पडदा पूर्ण बंद ठेवा, खासगी खोलीबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा, आणि अंगावरून काढलेली वस्तू झाकून पाठवा.

काही दिवसांनी विमानतळाकडून दिलगिरीचा ईमेल आला, आणि त्यानंतर एका वरिष्ठ महिला अधिकाऱ्याचा फोन. फोन काकूंनीच घेतला. त्या बाई नीट बोलल्या, ड्यूटीच्या ब्रीफिंगमध्ये हे सांगू म्हणाल्या. सांगितलं का, बदललं का, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. लेखी उत्तरात त्या तीन मुद्द्यांपैकी एकाचाही उल्लेख नव्हता.

परतीची तयारी

नात झाली, सव्वा महिना झाला आणि परत निघायची वेळ आली. काकू म्हणाल्या रेल्वेने जाते. मुलगी म्हणाली व्हीलचेअर बुक करू, म्हणजे मदतनीस सोबत राहील. व्हीलचेअरला काकूंनी साफ नकार दिला, "मला चालता येतं, मी का बसू?" रेल्वेचा मात्र विचार झाला, आणि खरं सांगायचं तर तोही पर्याय वाईट नव्हता. शेवटी विमानच ठरलं कारण रात्रभरच्या बर्थवर डाव्या कुशीची पंचाईत होते, आणि अशी मदत मागायची तर एअरलाइनला निदान ४८ तास आधी कळवा असं सांगतात म्हणून मुलीने दोन दिवस आधी कळवून चालत सोबत करणारा माणूस मागून घेतला.

पॅडमधली मोहरी प्रवासापुरती काढली, नुसता कापूस ठेवला. काही तास हलका पॅड चालतो. पिन बंद, त्याऐवजी ब्लाऊजच्या आतून कापडी खिसा शिवला. आमच्या ओळखीच्या सर्जननी लेटरहेडवर हिंदी आणि इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्या, की यांचं स्तनाचं ऑपरेशन झालंय, कृत्रिम पॅड आहे, डावा हात वर जात नाही, तपासणी खासगीत करावी. हे पत्र फाइलमध्ये ठेवलं नाही. घडी घालून बोर्डिंग पासमध्ये ठेवलं, कारण बूथपर्यंत तुमच्या हातात फक्त बोर्डिंग पास राहतो, बाकी सगळं ट्रेमध्ये जातं.

आणि एक वाक्य पाठ केलं. "मेरे स्तन का ऑपरेशन हुआ है, ये पैड है, अलग कमरे में चेक कीजिए." ऐकायला सोपं वाटतं. काकूंना ते लेकीसमोर आवाज न दबवता म्हणायला एक अख्खी संध्याकाळ गेली, पहिल्यांदा तर रडूच आलं. तयारीतला सगळ्यात अवघड भाग हाच होता असं मला वाटतं.

परतीच्या दिवशी

डिटेक्टर छातीवर वाजलं नाही, पण चाचपताना पॅड लागलाच. काकूंनी विचारायच्या आधीच पत्र पुढे केलं आणि वाक्य म्हटलं. ड्यूटीवरच्या बाईने पत्र वाचलं, वरिष्ठांना बोलावलं. खोली रिकामी नव्हती म्हणून बराच वेळ एका बाजूला उभं राहावं लागलं. मग आत दोन महिला कर्मचारी, दार बंद, ब्लाऊजवरूनच चाचपणी, पॅडच्या जागी कपड्यावरून आणि हातांवरून स्वॅब. काही काढायला लावलं नाही. हात वर करायलाही सांगितलं नाही.

पण तेवढा सगळा वेळ पर्स आणि पिशवी पट्ट्याच्या टोकाला तशीच पडलेली. पर्समध्ये मुलीने दिलेल्या नव्या पाटल्या होत्या. कुणीतरी पिशवी बाजूला सरकवून ठेवली होती, ती दिसेपर्यंत काकूंच्या जिवात जीव नव्हता. एकट्या बाईची ही वेगळीच अडचण आहे, सोबत माणूस असला की तो सामानापाशी थांबतो. एअरलाइनचा मदतनीस सिक्युरिटीच्या अलीकडेच दुसऱ्या प्रवाशाला घ्यायला निघून गेला होता.

वेगळं काय करता आलं असतं

खोलीत जायच्या आधी "मेरा सामान साथ में लाइए" असं सांगायला हवं होतं, ते आता आम्ही ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगतो. मौल्यवान वस्तू एका छोट्या पाऊचमध्ये ठेवायच्या, म्हणजे सामान आणायला सांगताना "लाल पाऊच" एवढं म्हटलं तरी पुरतं. पहिल्या वेळी पर्यवेक्षकांना तिथल्या तिथे भेटून सांगितलं असतं तर कदाचित त्याच दिवशी काही बदललं असतं, पण त्या अवस्थेत काकूंकडून ती अपेक्षा करणं मला पटत नाही. बोर्डिंग पासच्या मागे लाइनचा नंबर आणि वेळ लिहून ठेवणं मात्र वॉशरूममध्ये बसूनही जमतं.

अमेरिकेत जाणाऱ्या मराठी बायकाही हे विचारतात म्हणून सांगते, तिथल्या टीएसएची, म्हणजे विमानतळावर प्रवाशांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेची, भूमिका स्पष्ट लिहिलेली आहे की कृत्रिम स्तन दाखवण्यासाठी कपडे काढायला किंवा वर करायला सांगायचं नाही, आणि ७२ तास आधी फोन करून मदत मागता येते. आपल्याकडे सूचना आहेत पण त्या प्रवाशाच्या डोळ्यांसमोर नाहीत. बूथच्या पडद्यावर, बाहेरच्या बाजूला, मराठी-हिंदी-इंग्रजीत "खासगी खोलीत तपासणी मागता येते" एवढी एक पाटी लावायला किती खर्च येतो?

मुलगी आजही म्हणते की पोस्ट टाकायला हवी होती, लेखी उत्तर तरी नीट आलं असतं. तिचा मुद्दा मला पूर्ण खोडता येत नाही. पण अंग काकूंचं, निर्णयही त्यांचाच.

दुसरी गोष्ट हॉस्पिटलची. डिस्चार्जच्या कागदावर जखमेची काळजी, व्यायाम, पुढची तारीख सगळं असतं, प्रवासाबद्दल एक ओळ नसते. ते चार ओळींचं पत्र ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईला डिस्चार्जच्या वेळीच छापील मिळावं म्हणून आम्ही दोन हॉस्पिटलांशी बोललो. एका ठिकाणी नमुना मागून घेतलाय, दुसरीकडे अजून "बघू" चाललंय. काकू नातीच्या पहिल्या वाढदिवसाला परत जाणार आहेत, यावेळी पत्राच्या दोन झेरॉक्स जास्तीच्या मागवल्यात, गावातल्या आणखी दोघींसाठी.